लिनक्ससोबत जुन्या कमांड आधीपासूनच याव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कॉलेजच्या लॅब सांभाळणाऱ्या, दालमिल-जिनिंगची बिलिंग मशीन बघणाऱ्या आणि पतसंस्था-ग्रामपंचायतींना सर्व्हर लावून देणाऱ्या मंडळींसाठी आहे. ‘आयएफकॉन्फिग’, ‘नेटस्टॅट’, ‘टेलनेट’सारख्या जुन्या नेटवर्क कमांड नव्या लिनक्ससोबत येत नाहीत; त्या आधीपासून असाव्यात का, हा इथला प्रश्न आहे. उत्तरं मुख्यतः डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांना धरून आहेत. सी-डॅकचं बॉस हे लिनक्स डेबियनवरच उभं असल्यामुळे त्यालाही ती बहुतेक लागू पडतात. रेड हॅटच्या घराण्यात वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

‘आयएफकॉन्फिग’ टाइप केलं की ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. इन्स्टॉलेशन फसलं का?

नाही. ‘आयएफकॉन्फिग’ (कार्डाचा पत्ता), ‘नेटस्टॅट’ (चालू जोडण्या), ‘राउट’ (पॅकेटच्या वाटा) आणि ‘एआरपी’ (शेजारची मशीन) दाखवणाऱ्या या चारही कमांड नेट-टूल्स नावाच्या एकाच पॅकेजमधून येतात, आणि नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते पॅकेज आता आपोआप येत नाही.

पण आधी एक तपासा. डेबियनवर साध्या युजरच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, ‘/एसबिन’ नसतं, त्यामुळे पॅकेज असूनही कमांड सापडत नाही. पूर्ण पत्ता देऊन, म्हणजे ‘/एसबिन/आयएफकॉन्फिग’ असं चालवून बघा. डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ करून रूट (सगळे अधिकार असलेला युजर) झालात तरी पाथ जुन्या युजरचाच राहतो. ‘एसयू’ नंतर जागा सोडून डॅश दिला की रूटचा पाथ येतो. पॅकेज नाही म्हणून आलेल्या तक्रारींतल्या कित्येक इथेच मिटतात.

या कमांड कधी काढल्या आणि कोणी?

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ (२०१४) च्या किमान इन्स्टॉलेशनमधून नेट-टूल्स गेलं. डेबियन ९ (२०१७) मध्ये त्याचा दर्जा ‘इम्पॉर्टंट’वरून ‘ऑप्शनल’वर आला. उबुंटू १८.०४ नेही तीच वाट धरली.

डेबियनच्या नियमावलीत ‘इम्पॉर्टंट’ दर्जाची कसोटी मोठी नेमकी आहे. एखादा अनुभवी युनिक्सवाला मशीनवर बसला, त्याला तो प्रोग्राम दिसला नाही आणि ‘हे गेलं तरी कुठे?’ असं म्हणत तो चक्रावला, तर ते पॅकेज ‘इम्पॉर्टंट’. या कसोटीत माणसाची सवय मोजली आहे, प्रोग्रामचं वय नाही. ‘आयएफकॉन्फिग’ १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून लोकांच्या बोटांत बसलेली कमांड आहे. म्हणून ती काढल्यावर इतकी वर्षं झाली तरी वाद संपत नाही.

काढायचं कारण काय? चालत तर होतं.

चालत होतं, पण अर्धवट दाखवत होतं. नेट-टूल्स कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जुन्या पद्धतीने, आयओसीटीएल आणि ‘/प्रॉक’मधल्या फायलींमार्फत बोलतं. त्याच्या जागी आलेलं आयप्राउट२ (‘आयपी’ आणि ‘एसएस’ कमांडचं पॅकेज) कर्नलशी बोलायला नेटलिंक ही नवी पद्धत वापरतं, आणि कर्नलचं नेटवर्किंग गेली वीस-पंचवीस वर्षं नेटलिंकच्या अंगानेच वाढलं आहे.

फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर लॅबमधल्या एका मशीनवर हे करा. कार्डाचं नाव ईएनपी३एस०, पत्ता १९२.१६८.१.२० असं धरू.

‘सुडो आयपी ॲडर ॲड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईएनपी३एस०’ ही कमांड द्या. आता त्या कार्डाला दोन पत्ते आहेत. शेजारच्या मशीनवरून ५० ला पिंग करा, उत्तर येईल. ‘आयपी ए’ दोन्ही पत्ते दाखवेल. ‘आयएफकॉन्फिग’ मात्र फक्त २० दाखवेल, कारण दुसऱ्या पत्त्याला ‘ईएनपी३एस०:१’ असं लेबल दिलेलं नाही आणि लेबल नसलेला दुसरा पत्ता तिला दिसत नाही. झालं की ‘ॲड’च्या जागी ‘डेल’ लिहून तो पत्ता काढून टाका.

एकाच आयपीवर दोन मशीन भांडतात तेव्हा हा आंधळेपणा महागात पडतो. बिलिंगच्या काउंटरवर प्रिंटर मधेच गायब होतो, ‘आयएफकॉन्फिग’ सगळं ठीक म्हणते, आणि माणूस केबल बदलत बसतो.

‘नेटस्टॅट’चं दुखणं वेगळं. ती ‘/प्रॉक/नेट/टीसीपी’ ही फाइल ओळीओळीने वाचते, त्यामुळे हजारो जोडण्या असलेल्या सर्व्हरवर रखडते. ‘एसएस’ तेच काम लगेच करते.

मग कशाच्या जागी काय वापरायचं?

‘आयएफकॉन्फिग’ऐवजी ‘आयपी ए’. आटोपशीर हवं असेल तर ‘आयपी -बीआर ए’. ‘राउट -एन’ऐवजी ‘आयपी आर’. ‘एआरपी’ऐवजी ‘आयपी नेब’, म्हणजे नेबर या शब्दाची पहिली पाच रोमन अक्षरं. ‘नेटस्टॅट -टीयूएलपीएन’ऐवजी ‘एसएस -टीयूएलपीएन’. अक्षरं तीच आहेत, पुन्हा पाठ करायची गरज नाही. वाय-फायसाठी ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’च्या जागी ‘आयडब्ल्यू’.

तर मग जुन्या कमांड गेल्या ते बरंच झालं?

‘आयएफकॉन्फिग’ आणि ‘टेलनेट’पुरतं, हो. त्या सुरुवातीपासून असाव्यात असा आमचा आग्रह नाही. आमचा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा आहे: ज्या कमांडवाचून बंद पडलेलं नेट परत आणता येत नाही, त्या प्रत्येक इन्स्टॉलेशनमध्ये हव्यातच, किमान इन्स्टॉलेशनमध्येसुद्धा.

‘लागेल तेव्हा एपीटीने (नेटवरून पॅकेज टाकणाऱ्या कमांडने) टाकून घ्या’ हे उत्तर पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठीक आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे टेकडीच्या आड गेलं की रेंज जाते, तिथल्या एखाद्या कार्यालयात नेट बंद पडलं म्हणून तुम्हाला बोलावलंय आणि तपासायची कमांडच नेटवरून उतरवायची आहे, तर काम तिथेच अडलं. स्टेपनी घरी ठेवून कन्नड घाट चढण्यासारखं आहे ते.

डेबियनने हा मुद्दा एका बाबतीत मान्यही केला आहे. वाय-फाय कार्डाचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) मुक्त परवान्याचं नाही म्हणून ते वर्षानुवर्षं मूळ इन्स्टॉलरमध्ये नव्हतं. ज्या लॅपटॉपला केबलचं पोर्ट नाही त्यावर वाय-फायचं फर्मवेअर उतरवायला वाय-फायच लागायचं. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान केलं आणि डेबियन १२ पासून (२०२३) ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. हाच न्याय तपासणीच्या कमांडना लावा, एवढंच आमचं म्हणणं.

तुमच्या मते नेमक्या कोणत्या कमांड हव्यात?

‘आयपी’, ‘एसएस’, ‘पिंग’, ‘ट्रेसपाथ’, ‘ईथटूल’, ‘डिग’, ओपनबीएसडीची ‘एनसी’, ‘कर्ल’, ‘एलएसपीसीआय’, ‘एलएसयूएसबी’, ‘लेस’, एक चालणारा एडिटर, आणि या सगळ्यांची मॅन पानं, म्हणजे मशीनवरच वाचता येणारी माहितीपानं. मॅन पानं मुद्दाम लिहितो आहोत, कारण नेट नसताना उत्तर शोधायची तीच एक जागा उरते आणि जागा वाचवायची म्हटलं की सगळ्यात आधी तीच कापली जातात. उबुंटूच्या मिनिमल इमेजवर ती नसतात. ‘अनमिनिमाइज’ चालवून परत आणावी लागतात, आणि त्यालाही नेट लागतं.

‘ट्रेसरूट’ऐवजी ‘ट्रेसपाथ’ लिहिलं, कारण तिला रूटचे अधिकार लागत नाहीत आणि वाटेत एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) कुठे कमी होतो तेही ती सांगते.

नेट बंद आहे. एवढ्या कमांडवर बिघाड शोधायचा कसा?

खालून वर जायचं. क्रम मोडू नका.

‘आयपी -बीआर लिंक’ द्या. ओळीत ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर गोष्ट केबलची, स्विचच्या पोर्टची किंवा बंद पडलेल्या स्विचची आहे. सेटिंगला हात लावू नका. लाईट जाऊन आल्यावर स्विचचा ॲडाप्टर तेवढा उडालेला असतो, तो आधी बघा. कॅरिअर आहे पण नेट संथ आहे, तर ‘सुडो ईथटूल ईएनपी३एस०’ मध्ये वेग बघा. १००० च्या जागी १०० दिसला तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली किंवा क्रिम्पिंग कच्चं. १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात.

मग ‘आयपी ए’. त्यात ‘इनेट’ची ओळच नाही किंवा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीकडून काही मिळालेलं नाही. राउटरचा डीएचसीपी बंद आहे का, किंवा त्याची पत्त्यांची यादी संपली का ते बघा. लॅबमध्ये मुलांचे मोबाइल त्याच वाय-फायवर आले की यादी भराभर संपते.

मग ‘आयपी आर’. ‘डीफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ नसेल तर गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, नाही. दोन ‘डीफॉल्ट’ ओळी असतील तर ज्या ओळीचं मेट्रिक कमी ती जिंकते. केबल आणि डोंगल एकदम लावलं की हा घोळ होतो.

गेटवेला पिंग, मग ८.८.८.८ ला पिंग. हे दोन्ही चालतं पण वेबसाइट उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. तो ‘डिग’ने तपासा; ‘डिग’ नसेल तर ‘जीईटीईएनटी होस्ट्स’ पुढे साइटचं नाव द्या. ती कमांड मूळ सी लायब्ररीसोबतच येते, त्यामुळे जवळपास सगळीकडे असते.

पॅकेज हवंच आहे आणि नेट नाहीच. काय करायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणं. डेस्कटॉपवर नेटवर्क मॅनेजर स्वतःच जोडणी घेतो. सर्व्हरवर ‘आयपी -बीआर लिंक’मध्ये यूएसबी० किंवा ईएनएक्सने सुरू होणारं नवं नाव दिसेल. पूर्वी त्यावर ‘डीएचक्लायंट’ (डीएचसीपीकडून पत्ता मागणारा प्रोग्राम) चालवलं की भागायचं, पण तो सांभाळणाऱ्या आयएससी या संस्थेनेच २०२२ मध्ये त्याची देखभाल थांबवली आणि नव्या आवृत्त्यांमध्ये तो सहसा आपोआप येत नाही. उबुंटू सर्व्हरवर ‘/ईटीसी/नेटप्लॅन’मधल्या फायलीत ते नाव घालून ‘डीएचसीपी४: ट्रू’ लिहा आणि ‘सुडो नेटप्लॅन अप्लाय’ करा. ही फाइल यॅमल पद्धतीने लिहिलेली असते; तिच्यात टॅब चालत नाही, फक्त स्पेस.

रेंजच नसेल तर पेनड्राइव्ह. नेट असलेल्या मशीनवर ‘एपीटी-गेट डाउनलोड नेट-टूल्स’ केलं की चालू फोल्डरमध्ये डेब फाइल उतरते. ती इकडे आणून ‘सुडो डीपीकेजी -आय’ पुढे फाइलचं नाव. नेट-टूल्स फारसं कशावर अवलंबून नाही, म्हणून हे सरळ होतं. मोठ्या पॅकेजला सोबतची लायब्ररी लागते आणि ‘डाउनलोड’ ती आणत नाही. तेव्हा बंद मशीनवर ‘एपीटी-गेट इन्स्टॉल --प्रिंट-यूआरआयज’ पुढे पॅकेजचं नाव द्या. लागणाऱ्या सगळ्या फायलींचे पत्ते छापून येतात, ते फोटो काढून न्या आणि रेंजमध्ये जाऊन उतरवा.

इथे चुकतं ते असं: दोन मशीनची आवृत्ती वेगळी असते, मग लायब्ररीचं जमत नाही. किंवा एक ६४-बिट आणि दुसरं ३२-बिट. किंवा त्या मशीनवर ‘एपीटी अपडेट’ कधी झालेलंच नसतं, त्यामुळे पॅकेजची यादीच नाही आणि ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ येतं.

यावर पक्का इलाज म्हणजे डेबियनची पूर्ण डीव्हीडी इमेज, सुमारे ४ जीबीची, कायम बॅगेत ठेवणं. नेटइन्स्टची (बाकीचं नेटवरून उतरवणारी) एक जीबीच्या आतली इमेज लहान म्हणून बरी वाटते, पण तिच्यात पायापुरतंच असतं. डीव्हीडी इमेज ‘/मीडिया/सीडीरॉम’वर माउंट करून ‘सुडो एपीटी-सीडीरॉम -एम -डी /मीडिया/सीडीरॉम ॲड’ केलं की एपीटी तिच्यातून पॅकेज घेतं.

दुसऱ्या मशीनशी जोडून देणारी टेलनेट तरी ठेवा. सर्व्हरवरच्या एखाद्या सर्व्हिसचं पोर्ट (तिचा क्रमांक) उघडं आहे का ते बघायला दुसरं काय आहे?

टेलनेटमधून पासवर्ड उघडा जातो, म्हणून सुरक्षेच्या तपासणी-याद्या टेलनेटचा क्लायंटसुद्धा काढायला सांगतात. पोर्ट तपासायला ‘एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.१० ३३०६’ पुरेसं आहे.

‘एनसी’ही नसेल तर बॅशमध्येच (कमांड वाचून चालवणाऱ्या नेहमीच्या शेलमध्ये) सोय आहे: ‘टाइमआउट ५ बॅश -सी’ आणि पुढे अवतरणात ‘< /डेव्ह/टीसीपी/१९२.१६८.१.१०/३३०६’. नंतर ‘एको $?’ बघा. ० आलं तर पोर्ट उघडं. लगेच १ आलं आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसलं तर मशीन जिवंत आहे, तिथली सर्व्हिस बंद आहे. पाच सेकंद थांबून १२४ आलं तर उत्तरच आलं नाही, वाटेत फायरवॉल पॅकेट टाकून देत असणार. ही युक्ती बॅशचीच आहे. डेबियनचं ‘/बिन/एसएच’ म्हणजे डॅश नावाचा दुसरा शेल, त्यात ती चालत नाही. स्क्रिप्टची पहिली ओळ बघून घ्या.

या कमांडनी जागा किती खाल्ली असती?

उबुंटूवर नेट-टूल्स उतरवायला सुमारे २०० केबी आणि डिस्कवर सुमारे ८०० केबी. जागेचा मुद्दा यात नाही. मुद्दा देखभालीचा आहे: पॅकेज मूळ संचात आलं की त्याच्या प्रत्येक त्रुटीची जबाबदारी पाच-दहा वर्षं वितरकावर येते आणि प्रत्येक मशीनवर त्याचा अपडेट जातो. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. म्हणूनच आमची यादी लहान आहे.

कंटेनरमध्येही (एकाच प्रोग्रामपुरत्या बंदिस्त, छोट्या लिनक्समध्ये) हव्यात का?

नकोत. डेबियनच्या डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) इमेजमध्ये चालू प्रोग्राम दाखवणारं ‘पीएस’सुद्धा नसतं आणि ते योग्य आहे. तिथे तपासणी बाहेरून करायची असते.

‘व्हीआय’ उघडलं की बाण दाबल्यावर ए, बी, सी, डी उमटतात. कीबोर्ड गेला का?

कीबोर्ड ठीक आहे. डेबियन-उबुंटूच्या किमान संचात व्हीआयचं छोटं रूप व्हिम-टायनी असतं आणि ते जुन्या व्हीआयच्या सुसंगत पद्धतीत सुरू होतं. एस्केप दाबून ‘:सेट नोकम्पॅटिबल’ द्या, बाण चालू लागतात. कायमचं हवं असेल तर व्हिमचं पूर्ण पॅकेज टाका, किंवा नॅनो वापरा. एडिटर असणं म्हणजे नवख्या माणसाला त्यात दोन ओळी लिहिता येणं. या मापाने व्हिम-टायनी एकटं पुरत नाही, सोबत नॅनो हवं.

‘/व्हार/लॉग/सिसलॉग’ फाइलच नाही, आणि कोण कधी लॉगिन झालं ते दाखवणारी ‘लास्ट’ कमांडही नाही.

डेबियन १२ पासून ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही. ‘जर्नलसीटीएल -बी’ने या बूटपासूनचा लॉग दिसतो, ‘-बी -१’ने मागच्या बूटचा. मशीन आपोआप बंद झालं तर मागचाच बघायचा.

‘लास्ट’ आणि ‘लास्टलॉग’ डेबियन १३ मध्ये (२०२५) गेल्या. त्यांच्या फायलींतला वेळेचा आकडा २०३८ नंतर पुरत नाही. त्यांच्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लास्टलॉग२ ही पॅकेजं आहेत. इथे काढण्याचं कारण खरंखुरं तांत्रिक आहे, आणि पर्यायही देऊ केला आहे.

जुन्या स्क्रिप्ट मोडल्या. कुठे बघायचं?

सगळ्यात आधी ‘आयएफकॉन्फिग’च्या आउटपुटमधून ‘इनेट ॲडर:’ शोधणाऱ्या ओळी. नेट-टूल्सच्या नव्या आवृत्तीत तो मजकूर बदलून नुसता ‘इनेट’ झाला, म्हणजे पॅकेज टाकूनही स्क्रिप्ट रिकामीच परतते. ‘आयपी -जे ए’ जेसन या ठरलेल्या साच्यात उत्तर देते. ते ‘जेक्यू’ या जेसन वाचणाऱ्या कमांडने वाचा म्हणजे पुन्हा असं होणार नाही.

दुसरं, कार्डाचं नाव ईटीएच० धरून लिहिलेल्या ओळी. तिसरं, ‘पायथन’ या नावाने हाक मारणाऱ्या स्क्रिप्ट; आता कमांड ‘पायथन३’ आहे. चौथं, मजकूर शोधणाऱ्या ‘ईग्रेप’ आणि ‘एफग्रेप’: जीएनयू ग्रेप ३.८ पासून (२०२२) त्या चालतात, पण काही वितरणांत दर वेळी इशारा छापतात, आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालवलेल्या कामाची रोज एक मेल येत राहते. ‘ग्रेप -ई’ (मोठं ई) आणि ‘ग्रेप -एफ’ (मोठं एफ) लिहा. कमांड कुठे आहे ते सांगणाऱ्या ‘व्हिच’ऐवजी ‘कमांड -व्ही’, ती शेलमध्येच असते.

‘आयएफकॉन्फिग’ नावाचा एलियास (कमांडचं टोपणनाव) करून ‘आयपी ए’ला जोडायची युक्ती स्क्रिप्टमध्ये चालत नाही. एलियास फक्त समोर बसलेल्या माणसासाठी असतो.

नाव तेच ठेवून आतला प्रोग्राम बदलला तर?

उबुंटू २५.१० ने तेच केलं: ‘एलएस’, ‘सीपी’, ‘डेट’ वगैरेंच्या जागी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली रूपं आणली. सवय मोडत नाही, हा मोठा फायदा. पण ‘डेट -आर’ फायलीच्या वेळेऐवजी चालू वेळ देत होती आणि त्यामुळे आपोआप अपडेट तपासण्याचं काम अडलं. नंतर ती दुरुस्त झाली. बिलिंगच्या मशीनवर अशा मधल्या आवृत्त्या टाकू नका. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ देखभाल मिळणारी आवृत्तीच घ्या.

विंडोज आणि मॅकवर काय स्थिती आहे?

विंडोजमध्ये व्हिस्टापासून टेलनेट क्लायंट बंद ठेवलेला येतो; उलट २०१८ पासून विंडोज १० मध्ये ‘कर्ल’ आणि ‘टार’ आले. ॲपलने २०१७ च्या हाय सिएरामधून ‘टेलनेट’ आणि ‘एफटीपी’ काढल्या.

कॉलेजच्या वहीत अजून ‘आयएफकॉन्फिग’चा प्रयोग आहे. लॅबमध्ये काय करायचं?

पॅकेज टाका आणि दोन्ही शिकवा. मुलांना परीक्षेत जुनी लागेल, नोकरीत नवी. वर दिलेला दुसऱ्या पत्त्याचा प्रयोग याच तासाला घेतला तर फरक एका दमात कळतो.

तीस-चाळीस मशीनवर हाताने टाकत बसू नका. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवायच्या डेबियनच्या प्रीसीड फायलीत ‘डी-आय पीकेजीसेल/इन्क्लूड स्ट्रिंग’ या ओळीपुढे पॅकेजची नावं स्पेस देऊन लिहा. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये ‘पॅकेजेस’ची यादी असते, रेड हॅटच्या किकस्टार्टमध्ये ‘%पॅकेजेस’ विभाग. नाव एका अक्षराने चुकलं तर किकस्टार्ट इन्स्टॉलेशन तिथेच थांबवतं, म्हणून आधी एका मशीनवर चालवून बघा.

आपलं म्हणणं वितरकांपर्यंत पोचवता येतं का?

येतं. डेबियनमध्ये पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट नावाचं पॅकेज आहे. इन्स्टॉल होताना ‘भाग घ्यायचा का?’ असं विचारलं जातं आणि आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’ असतं. ते ‘हो’ केलं की कोणती पॅकेजं खरोखर वापरात आहेत त्याची नोंद निनावी जाते. ज्या मशीनना कधी नीट नेट मिळत नाही त्यांची नोंद अर्थातच पोचत नाही, आणि म्हणून आपल्या भागातली गरज त्या आकड्यांत कमी दिसते.

ती भर ‘रिपोर्टबग’ने घाला. तक्रारीत ‘अमुक कमांड परत आणा’ एवढंच लिहिलं तर ‘एपीटीने टाका’ हेच उत्तर येईल. आवृत्ती कोणती, कोणत्या इमेजवरून इन्स्टॉल केलं, इन्स्टॉलरमध्ये काय निवडलं, कमांड कोणत्या क्षणी लागली, आणि त्या क्षणी नेट का नव्हतं, हे पाच मुद्दे इंग्रजीत, साध्या वाक्यांत लिहा.